व्हिसा लागत नसल्याचा दाखला

मॉरिशसला जायला आपल्या माणसाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे मी ज्या दिवशी गुरुजींना सांगितलं, त्या दिवशी त्यांचा त्या देशावरचा विश्वास उडाला.

“लागत नाही म्हणजे?”

“म्हणजे लागत नाही, गुरुजी. फिरायला आलेल्या भारतीयांना तिथं विमानतळावरच शिक्का मारून आत घेतात.”

“कोण म्हणतं?”

“त्यांचं सरकारच म्हणतं.” मी कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. गुरुजींनी चष्मा पुसला, स्क्रीनकडे पाहिलं, मग वाकून स्क्रीनच्या मागेही पाहिलं.

“यावर सही कुठाय?”

“वेबसाईटवर सही नसते, गुरुजी.”

“शिक्का?”

“तोही नसतो.”

“मग हे भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिल्यासारखं झालं. आपल्याला दाखला पाहिजे. ‘सदर इसमास व्हिसा लागत नाही’ असा. सही-शिक्क्यानिशी, तीन प्रतींत.”

आणि मंडळी, तो दाखला त्यांनी मिळवला. कसा, ते सांगतो. पण त्याआधी गुरुजी म्हणजे काय चीज, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस थापा मारतोय.

खर्ड्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाईन फॉर्म, पासपोर्ट साईझ फोटो, लॅमिनेशन, जे म्हणाल ते. गुरुजी रोज सकाळी दहाला येत आणि साडेअकराला जात. खर्ड्यापासून दोन कोसांवरच्या आमच्या वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या शाळेत त्यांनी उभी हयात काढली. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी अंगात राखाडी सफारी आणि सफारीला चार खिसे. वरच्या डाव्या खिशात अस्सल कागद, वरच्या उजव्यात त्यांच्या खऱ्या प्रती, खालच्या डाव्यात फोटो आणि खालच्या उजव्यात शाईचं पॅड. शाईचं पॅड कशाला? “वाटेत कुणाला अंगठा उठवायची वेळ आली तर?” अशी वेळ कधी आली नाही, पण त्या खिशावरचा निळा डाग इतका पसरला होता की लांबून वाटायचं, गुरुजींनी खिशात मोर ठेवलाय.

लॅमिनेशनवर त्यांचा फार जीव. माझं मशीन आल्यापासून त्यांनी रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, लस घेतल्याचा कागद, आयुष्यातलं पहिलं रेल्वेचं तिकीट, सगळं प्लास्टिकात घातलं. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा. त्यावर मेडिकलवाल्याला काही लिहिता येईना, तेव्हा त्यानं गोळ्या द्यायचं नाकारलं. स्वतःच्या लग्नाची पत्रिकाही गुरुजींनी लॅमिनेट करून भिंतीला लावली होती. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आल्यागेल्याला ती दाखवून म्हणायच्या, “मी चोवीस तास समोर हाय, तरी ह्यांना लग्न झाल्याचा कागुद लागतो.”

शाळेत आम्हा पोरांचा छळ वेगळाच. गैरहजर राहिलं की कारण चालायचं नाही, पुरावा लागायचा. बबन एकदा दोन दिवस आला नाही. म्हणाला, “मामा आल्ता, गुरुजी.”

“पुरावा?”

बबन घरी गेला आणि मामाला घेऊन आला. गुरुजींनी मामाला खालून वर न्याहाळलं, नाव-गाव विचारलं आणि “बसा” म्हणाले. मामा बसले. इतिहासाचा तास झाला, भूगोलाचा झाला. मामांना उठायचा धीर होईना. भूगोलात गुरुजींनी मामांनाच विचारलं, चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला काय म्हणतात? मामा घामाघूम. शेवटी बबनच हळूच म्हणाला, “बेट, मामा, बेट.” मामा पुन्हा कधी आमच्या वस्तीवर मुक्कामाला राहिले नाहीत, असं बबनची आई शेवटपर्यंत गुरुजींना सुनावत असे.

एकाची म्हैस व्यायली म्हणून तो आला नाही, तर सगळा वर्ग रांगेनं गोठ्यात नेऊन पंचनामा झाला. ‘पारडू समक्ष पाहिले, रंग काळा.’ माझा जिवलग दोस्त रज्जाक, हलगी वाजवण्यात त्याचा हात धरणारा तेव्हाही कुणी नव्हता. त्यानं ईदची सुट्टी मागितली, तर आदल्या दिवशी तिन्हीसांजेला गुरुजी स्वतः त्याच्या अंगणात हजर. रज्जाकच्या अब्बांशेजारी उभं राहून त्यांनी आभाळात बोटभर चंद्र शोधला, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर शेरा लिहिला, ‘चंद्र समक्ष पाहिला, सुट्टी मंजूर.’ मग शिरखुर्मा प्यायला पुन्हा त्याच्याच घरी.

असा माणूस. आणि या माणसाचं दुसरं वेड होतं लेझीम.

लेझीम म्हणजे गुरुजींचा श्वास. चौथीच्या आमच्या अकराजणांचं पथक त्यांनी असं बसवलं होतं की शाळा सुटून चाळीसच्या वर वर्षं झाली, पोटं सुटली, गुडघे बोलायला लागले, तरी दर शिवजयंतीला खर्ड्याच्या किल्ल्यासमोर आम्ही तेच अकराजण खेळायचो. गुरुजी शिट्टी फुंकायचे. दरवर्षी खेळ संपला की त्यांचं वाक्य ठरलेलं: “एकदा तुम्हाला समुद्रापलीकडे खेळवीन.” आम्ही हसायचो. जामखेडच्या पलीकडे आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं.

आणि एका शिवजयंतीला किल्ला बघायला मॉरिशसचं एक जोडपं आलं. तिथल्या मराठी मंडळींपैकी. पिढ्यान्पिढ्या तिकडेच असलेली ही माणसं. मराठी थोडं मोडकं, पण जीव अस्सल. आमचा खेळ बघून त्या बाई रडल्या आणि त्या गृहस्थांनी तिथल्या तिथं बोलावणं दिलं. सहा महिन्यांनी पत्र आलं. राहायची, जेवायची सोय त्यांची. वार्षिक समारंभात लेझीम आमची. आमचं हसू त्या दिवशी बंद झालं. गुरुजी ऐंशीला टेकले होते. ते पत्र त्यांनी माझ्या दुकानात उभं राहून वाचलं, बसून वाचलं, आणि मग म्हणाले, “लॅमिनेट कर.”

लागणारे कागद मी काढले तर मोजून पाच: पासपोर्ट, परतीचं तिकीट, यजमानांचं पत्र, हातखर्चाची सोय असल्याचा बँकेचा कागद, आणि निघण्याआधी भरायचा एक ऑनलाईन फॉर्म. गुरुजींना हा अपमान वाटला. “परक्या देशात शिरायचं आणि पाच कागद? आपल्याकडे विहिरीला मोटर बसवायला नऊ लागतात.” त्यांनी स्वतःची यादी केली. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, पोलीस पाटलाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला, सातबारा (“जमीन इथं आहे म्हणजे माणूस परत येणार, हे त्यांना कळायला नको?”), रक्तगट, आणि बबनच्या बुलेटचा पीयूसी. हा कशासाठी, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. बबनलाही नाही.

आणि तो दाखला. गुरुजी ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवक तरुण, सज्जन माणूस, हात जोडून म्हणाला, “गुरुजी, मॉरिशसला व्हिसा लागतो की नाही, हे माझ्या अधिकारात बसत नाही हो.”

“मग कुणाच्या बसतं?”

“त्यांच्या सरकारच्या.”

“त्यांचं सरकार सही करत नाही. मी बघितलंय. मग ग्रामसभेत ठेवा.”

आणि खरोखर, ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या विषयानंतर आणि स्मशानभूमीच्या रस्त्याच्या आधी ठराव झाला: गावातील लेझीम पथकास मॉरिशस येथे प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. एका म्हातारीनं फक्त विचारलं, “आन् लागला तर?” सरपंच म्हणाले, “आता कसा लागंल? ठराव झाला न्हवं.”

मग सराव. शाळेच्या खिडकीत गुरुजी परदेशी अधिकारी होऊन बसायचे आणि आम्ही एकेक जण बाहेरून पासपोर्ट सरकवायचा. “वेअर आर यू गोइंग? व्हाय आर यू गोइंग?” बबनला तोंड उघडलं की थांबताच यायचं नाही. ‘किती दिवस राहणार’ या प्रश्नाला तो धाकट्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत जायचा. गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. “प्रवेश नाकारला! जा, परत खर्ड्याला!” दोन म्हशी आणि शाळेच्या ओट्यावरची सगळी पोरं हा तमाशा बघत असायची.

शेवटी आली गुरुजींची कळसाची कामगिरी. यादी. इंग्रजीत, माझ्या दुकानात बसून, दोन दिवस खपून टाईप करवलेली. अनुक्रमांक, फोटो, पूर्ण नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, रक्तगट, लेझमीच्या रांगेतली जागा. प्रमुख म्हणून गुरुजींचं नाव वर वेगळं, खाली आम्ही अकरा. शेवटी सही आणि तारीख. फोटो माझ्याकडेच काढलेले. दुकानात फोटोसाठी मी एक निळा कोट आणि लाल टाय ठेवलेला आहे, ज्याला हवा त्यानं घालायचा. तो कोट आमच्या भागातल्या निम्म्या पुरुषांनी आयुष्यात एकदा घातलेला आहे, उरलेले घालणार आहेत.

ती यादी मी टाईप केली. मी तपासली. मला तिच्यात काहीही वावगं दिसलं नाही. का दिसावं? आमच्या भागात अमुक पिढीच्या माणसाची कागदावरची जन्मतारीख एक जून असणं, हे त्याला दोन कान असण्याइतकं सर्वसाधारण आहे. कान कुणी मोजतं का?

निघालो. विमानात काय काय झालं ते सांगत बसलो तर सकाळ व्हायची. एवढंच सांगतो की खिडकीतून समुद्र दिसला तेव्हा बबन म्हणाला, “आरं, हे चारी बाजूंनी हाय,” आणि गुरुजींनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा शाबासकी दिली.

विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या पाच-सहा खिडक्या होत्या. माणसं आपापली विखरून रांगांत उभी राहिली होती. आम्हीही तसेच विखुरलो असतो, तर पंधरा मिनिटांत बाहेर असतो. पण गुरुजी गरजले, “अनुक्रमे!” पोटं सुटलेली अकरा माणसं गपकन एका खिडकीसमोर लेझमीच्या रांगेत उभी राहिली. काचेमागे एक मध्यमवयीन बाई होत्या, चष्म्याला साखळी. त्यांनी पहिल्याला पुढे बोलावलं. पहिल्याच्या ऐवजी काचेखालून आत सरकली ती यादी.

बाईंनी ती सहज घेतली. पेनाचं टोक जन्मतारखेच्या रकान्यावरून खाली यायला लागलं. तिसऱ्या नावाशी सावकाश झालं. सहाव्या नावाशी थांबलं. मग परत वर गेलं आणि पुन्हा खाली आलं. तारीख तीच, महिना तोच, सालसुद्धा तेच. अकरा वेळा. आणि डाव्या बाजूला अकरा फोटो, अकरा वेगळी तोंडं, एकच निळा कोट आणि एकच लाल टाय.

“तुम्ही सगळे एकाच दिवशी जन्मलात?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

“येस मॅडम!” मागून बबन आनंदानं ओरडला. “सेम डे! सेम इयर!”

“भाऊ आहात?”

“नो मॅडम,” रज्जाक म्हणाला. “फ्रेंड्स.”

हे ऐकून बाईंनी खिडकीवर बंदची पाटी ठेवली.

आम्हाला बाजूच्या एका खोलीत नेलं. लांब बाक, एक टेबल. बाई समोर बसल्या आणि गुरुजींची फाईल उलगडू लागल्या. सातबारा. पोलीस पाटील. रक्तगट. बुलेटचा पीयूसी त्यांनी उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी एक प्लास्टिकातला कागद वर धरला.

“हे काय आहे?”

मी म्हणालो, “आम्हाला व्हिसा लागत नसल्याचा दाखला.”

“पण तो नियम आमचा आहे.”

“हो. पण आमच्या ग्रामसभेनं मंजूर केलाय.”

बाईंचा चेहरा हलला नाही. त्या म्हणाल्या, “खऱ्या माणसांच्या कागदांत काही ना काही कमी असतं. तुमच्याकडे काहीच कमी नाही. म्हणून मला काळजी वाटते.” आणि त्यांनी अकरा शाळेचे दाखले पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. एकच अक्षर, एकच शाई, एकच तारीख. “हे सगळे एका माणसानं लिहिलेत. याचं कारण मला पटलं नाही, तर तुम्ही परतीच्या विमानानं जाल.”

बाहेर यजमान हार घेऊन उभे होते. संध्याकाळी कार्यक्रम होता. ऐंशी वर्षांच्या माणसाचं ‘समुद्रापलीकडे खेळवीन’ हे आयुष्यभराचं वाक्य खरं व्हायला एकच दार उरलं होतं.

गुरुजी उभे राहिले. वर्गात उभे राहायचे तसे.

“मॅडम,” ते आपल्या जुन्या, कडक इस्त्रीच्या इंग्रजीत म्हणाले, “यातली एकही तारीख खरी नाही.”

मी त्यांची सफारी ओढली. “गुरुजी, गप बसा! धाडतील परत!”

“धाडू देत,” ते मराठीत म्हणाले. “सही माझी आहे.” आणि पुन्हा बाईंकडे वळले. त्यांनी सांगितलं. शाळेत घ्यायचं तर एक जूनला पोर सहा वर्षांचं पुरं पाहिजे, असा नियम होता. ते स्वतः घरोघर फिरले. कुणाही आईला तारीख सांगता येईना. रजिस्टरात रकाना मोकळा ठेवायची सोय नव्हती. म्हणून लिहिलं, एक जून.

“म्हणजे यांचा जन्म कधीचा, हे कुणालाच माहीत नाही?”

“असं कोण म्हणतं?” गुरुजींना राग आला. “तारीख माहीत नव्हती. बाकी सगळं माहीत होतं.” आणि बाकाच्या एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. बोट रोखून, एकेकाला उभं करून. “हा बबन. याच्या बापाच्या विहिरीला पाणी लागलं त्याच दिवशी झाला. बाप गावभर पेढे वाटत फिरला, पण ते पाण्याचे की पोराचे, हे आजही गावाला माहीत नाही. हा रज्जाक. उरुसाच्या दुसऱ्या दिवशी. पाहुणे पुढच्या खोलीत जेवत होते आणि हा मागच्या खोलीत आला. हा, ज्वारी काढणीच्या वेळचा, बांधावरचा. आणि हा झाला तेव्हा घरची म्हैसही व्यायली होती. आईनं मला आधी म्हशीचं सांगितलं.”

जो तो उभा राहून स्वतःचा जन्म ऐकत होता. पन्नाशी ओलांडलेली माणसं, तोंडं उघडी. “खरं, गुरुजी? पाण्याच्या दिवशी?” बबन पुन्हा पुन्हा विचारत होता. “रजिस्टरात विहिरीचा रकाना नव्हता रे,” गुरुजी म्हणाले. “असता तर लिहिलं असतं.”

दहाजण झाले. शेवटी मी. गुरुजी माझ्यापाशी आले आणि थांबले.

“आणि हा?” बाईंनी पेनानं मला दाखवलं.

“याचं राहू द्या.”

“का?”

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि ते मराठीत बोलू लागले. त्यामुळे मंडळी, एका परक्या बेटावर, एका सरकारी अधिकाऱ्यासमोर, स्वतःच्या जन्माची हकीकत आयुष्यात पहिल्यांदा ऐकत, तिचं वाक्यावाक्याचं इंग्रजी करण्याची कामगिरी माझ्यावर आली.

“तुझ्या आईकडे कागद होता,” गुरुजी म्हणाले. “अख्ख्या वस्तीत तिच्या एकटीकडेच. तू नगरच्या मिशनच्या दवाखान्यात झालास. तारीख, वेळ, वजन, सगळं लिहिलेलं. पदराला बांधून आणला होता तिनं. म्हणाली, ‘गुरुजी, आवंदा ह्याला घ्याच. मी रोजगार हमीवर खडी फोडती, ह्यो दिवसभर उन्हात माझ्यासंगं बसतो.’ मी कागद पाहिला. त्या कागदाप्रमाणे तुला सहा पुरे व्हायला नऊ महिने कमी होते. म्हणजे आणखी वर्षभर खडीवर.”

इथं माझं भाषांतर जरा अडखळलं. बाईंनी हातानं ‘सावकाश’ अशी खूण केली.

“मी कागदाची घडी घालून तिला परत दिली. म्हटलं, बाई, हा कागद मी पाहिलेला नाही. तुम्हीही कुणाला दाखवू नका. आणि एक जून लिहिलं, बाकीच्यांचं तेच साल टाकून.” मग ते इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून, बाईंना म्हणाले, “दहा वेळा मला माहीत नव्हतं. अकराव्या वेळी माहीत होतं. तेव्हा परत पाठवायचंच असेल तर मला पाठवा. यानं काही केलेलं नाही. हा सव्वापाच वर्षांचा होता.”

बाईंनी चष्मा काढला, तो साखळीवर लोंबकळला.

“माझे खापरपणजोबा जहाजानं इथं आले,” त्या म्हणाल्या. “उसाच्या मळ्यांत कामाला. उतरताना कारकुनानं लिहिलेला त्यांचा कागद अजून आमच्या घरी आहे. वय वर्षं बावीस. घरात मात्र सगळे सांगत आलेत की ते सोळाचे होते, थोरल्या भावाच्या मागून आले. त्या कारकुनाला आमच्या घरात चार पिढ्या शिव्या देतायत. मीही देत आले.” त्या गुरुजींकडे बघत राहिल्या. “त्याला कुणी विनवलं असेल, हे माझ्या कधी मनात आलं नाही.”

मग त्या एकदम अधिकारी झाल्या. पासपोर्ट एकेक करून मशीनवर ठेवले, तपासले. “पासपोर्ट खरे आहेत. तुमच्या सरकारनं तुमच्या शिक्षकावर विश्वास ठेवलाय. मी पासपोर्ट बघते, विहिरी नाही.” आणि शिक्का पडला. ठप्प. दुसरा, ठप्प. अकरा ठप्प झाले. रज्जाकची बोटं मांडीवर ताल धरायला लागली होती. शेवटी गुरुजींचा पासपोर्ट. बाईंनी तो उघडला, पाहिला, आणि त्यांचा हात शिक्क्यासकट हवेत थांबला.

“तुम्हीसुद्धा?”

“माझ्याही गुरुजींनी,” आमचे गुरुजी म्हणाले.

आणि त्या बाई हसल्या, मंडळी. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम सुटलं. टेबलावर डोकं ठेवून हसल्या. बाहेरून शिपाई बघायला आला.

संध्याकाळी आम्ही असे खेळलो की माझ्या शेजारच्याच्या विजारीची नाडी तुटली तरी त्यानं फेर सोडला नाही. गुरुजींची शिट्टी समुद्रापलीकडे वाजली. ते सगळं फोटोंत आहे. गुरुजी आता भिंगारला लेकीकडे राहतात, तिथं ते फोटो प्लास्टिकात घालून भिंतीला लावलेत, कधीही जाऊन बघा.

मला सांगायचंय ते त्याआधीचं. विमानतळावरून आमची गाडी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. बबन म्हणत होता, “हिकडं येऊनबी ऊसच बघायचा का?” आणि मी मनातल्या मनात आकडेमोड करत होतो. नऊ महिने. म्हणजे सरकारी कागदांप्रमाणे मी जन्मलो, त्या दिवशी मी खरं तर आईच्या पोटात नुकताच राहिलो असणार. म्हणजे मी बावन्नचा नव्हतो. आणि माझी बायको तर त्याच सालच्या दिवाळीतली! मी तिला तिथूनच फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून बबननं स्पीकर चालू केला, नको म्हणत असताना.

“अगं, ऐक. तू माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहेस.”

“पोचलात का नीट?”

“पोचलो. पण ऐक ना, गुरुजींनी सांगितलं, माझी तारीख चुकीची आहे. खरा मी मार्चमधला, पुढच्या सालचा. तू मोठी!”

“गुरुजी हायेत तिथं?”

“हायेत, समोरच.”

“गुरुजी! आन् हे तुमी आत्ता सांगताय? सत्तावीस वर्सं ह्या माणसाला अहो-जाहो करतीय मी!”

गाडी हसण्यानं हलली. गुरुजी ओशाळून खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागले. “सूनबाई,” ते शेवटी म्हणाले, “चूक माझी आहे. पण त्याच्या आईची हरकत नव्हती.”

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटची तीन वर्षं हिनंच तिचं सगळं केलं होतं. बऱ्याच वेळानं फोनमधून आवाज आला, जरा दबका, शेजारी कुणी ऐकू नये असा. तिला काय माहीत, बाराजणांची गाडी कान लावून बसलीय.

“मग जेवलास का रे?”

आई गेल्यापासून मला घरातलं कुणी ‘रे’ म्हणालं नव्हतं. दहा लेझीमवाले आणि एक गुरुजी माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला काही केल्या तिला सांगता येईना, की हो, विमानात जेवलो.